गुलमर्ग : बर्फातलं आणि बर्फ वितळल्यावरचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दिवाळी आटोपली की ओळखीपाळखीचे लोक गुलमर्गबद्दल विचारायला लागतात. त्यातले निम्मे प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. तिकिटांचे आणि खोल्यांचे भाव मुद्दामच दिलेले नाहीत. ते दर मोसमाला बदलतात आणि जुना आकडा डोक्यात घेऊन गेलेला माणूस तिथे उगाच वाद घालत बसतो.

गुलमर्ग नेमकं कुठे आहे?

काश्मीरच्या बारामुल्ला जिल्ह्यात, पीर पंजाल रांगेच्या खोऱ्याकडच्या अंगाला. श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटर. शेवटचं मोठं गाव तंगमर्ग. तिथून १३ किलोमीटरचा वळणावळणांचा घाट चढला की फर आणि पाइनचं दाट रान एकदम बाजूला होतं आणि समोर एक मोठं कुरण उघडतं. परातीसारखं : मध्ये सपाट, कडेने रान. उंची सुमारे २,६५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक हजार मीटर. आणि या परातीच्या मागे अफरवटचा डोंगर उभा आहे, तो ४,००० मीटरच्याही वर जातो. गुलमर्गचं जे काही नाव आहे ते या डोंगरामुळे. कुरण सुंदर आहे, पण स्की करणारे जगभरातून येतात ते अफरवटसाठी.

बर्फ नक्की कधी असतो?

नक्की काहीच नसतं, हे आधी मान्य करा. सर्वसाधारणपणे डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत स्कीचा मोसम चालतो. वरच्या उतारांवर तो एप्रिलमध्येही रेंगाळतो. काश्मिरी माणूस हिवाळा तीन तुकड्यांत मोजतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. सगळ्यांत कडक थंडी पहिल्या चाळिसात. तेव्हा गुलमर्गचा पारा रात्री उणे दहाच्या खाली जाऊ शकतो.

इथला बर्फ आपल्या मोसमी वाऱ्यांचा नव्हे. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे ओलसर हवेची वादळं, येतात, इराण-अफगाणिस्तान ओलांडून पीर पंजालवर आदळतात आणि ओझं उतरवतात. एकामागून एक चांगले दोन-तीन विक्षोभ आले तर छपरापर्यंत बर्फ. नाही आले तर कोरडं गवत. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलानमध्ये गुलमर्ग जवळजवळ उघडं पडलं होतं. २०२५ मध्ये बर्फ पुरेसा नाही म्हणून फेब्रुवारीतले खेलो इंडिया हिवाळी खेळ पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले. त्यामुळे नाताळची सुट्टी धरून वर्षभर आधी आरक्षण करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की नाताळ हा जुगार आहे. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा त्यातल्या त्यात भरवशाचा. आणि शिकाऊ माणसाला मार्चचा पहिला पंधरवडा उत्तम. ऊन असतं, बोटं गोठत नाहीत, गर्दीही उतरलेली असते.

स्की अजिबात येत नसेल तर जाऊन उपयोग आहे का?

आहे. उलट न येणाऱ्यासाठी गुलमर्गची परात म्हणजे निसर्गाने तयार करून दिलेली शाळाच आहे. उन्हाळ्यात जिथे गोल्फ चालतो तेच सौम्य चढउतार हिवाळ्यात नवशिक्यांचे उतार होतात.

पहिल्या दिवशी काय होतं ते सांगतो, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. स्कीचे बूट पायात घातले की पहिली पाच मिनिटं वाटतं, पायाला प्लास्टर घातलंय. घोटा वाकत नाही, चालताना रोबोसारखी पावलं पडतात. मग पट्ट्या, म्हणजे पायाखालच्या लांब स्की, अडकवायच्या. बुटाचा पुढचा भाग आधी, मग टाच खाली दाबून खट् असा आवाज. बुटाच्या तळाला बर्फ चिकटलेला असेल तर तो आवाज येतच नाही आणि अर्धे नवशिके इथेच हताश होतात. काठीने तळ खरवडा, पुन्हा दाबा.

त्यानंतर शिक्षक तुम्हाला पडायला शिकवतो. हसण्यावारी नेऊ नका. बाजूला, कुल्ल्यावर पडायचं. पुढे हात टेकून नाही, मागे बसकण मारून तर अजिबात नाही. मागे बसलं की गुडघ्याच्या स्नायुबंधांवर सगळा भार येतो आणि स्कीतली सगळ्यांत सामान्य मोठी दुखापत गुडघ्याचीच आहे. मग थांबायला शिकायचं : पट्ट्यांची पुढची टोकं जवळ, मागची लांब. याला स्नोप्लाऊ म्हणतात, पण तिथली पोरं पर्यटकांना सरळ 'पिझ्झा करो, पिझ्झा!' असं ओरडून सांगतात. तिकोनी तुकड्याचा आकार डोळ्यांसमोर येतो आणि पाय आपोआप तसे होतात.

सगळ्यांत अवघड गोष्ट शरीराची नाही, मनाची असते. उतार दिसला की आपण मागे झुकतो, आणि मागे झुकलं की पट्ट्या ताब्यात राहत नाहीत. नडग्या बुटाच्या पुढच्या भागाला टेकल्या पाहिजेत, म्हणजे ज्या दिशेची भीती वाटते त्याच दिशेला अंग द्यायचं. हे पटायला मला दीड दिवस लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदा जमतं, मग पुन्हा बिघडतं. तिसऱ्या दिवशी बहुतेकांना छोट्या उतारावर वळत वळत खाली येता येतं. म्हणून तीन दिवस हाताशी नसतील तर स्कीचं नावच काढू नका. तासाभरासाठी पट्ट्या भाड्याने घेऊन फोटो काढला एवढंच होईल.

शिकायचं कुणाकडे?

तीन वाटा आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग गुलमर्गमध्येच आहे. तिथे राहणं, साहित्य आणि शिकवणं एकत्र असलेले अनेक दिवसांचे वर्ग होतात. जम्मू-काश्मीरचा पर्यटन विभागही मोसमात वर्ग भरवतो. या दोन्हींच्या जागा लवकर भरतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून चौकशीला लागा. शिस्त कडक, पहाटे उठवतात, खर्च मात्र तुलनेने कमी.

तिसरी वाट खासगी शिक्षकाची. रस्त्यावर पहिला माणूस हात धरून 'मैं सिखाऊँगा' म्हणाला म्हणून त्याच्याबरोबर जाऊ नका. ओळखपत्र आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागा, दिवसाचे किती तास शिकवणार ते आधी ठरवा. दुपारी दोननंतर शिक्षक चहाला जातो आणि परत येत नाही, हा अनुभव माझ्या गाठीशी आहे. पण ज्याने नीट शिकवलं त्याची तोड नाही. इथली मुलं चालायला लागली की फळकुटं पायाला बांधून घसरायला लागतात.

मुलांना किती वर्षांपासून शिकवता येतं?

पाच-सहा वर्षांचं मूल आरामात शिकतं आणि मोठ्यांपेक्षा लवकर शिकतं, कारण त्याचा गुरुत्वमध्य खाली असतो आणि अब्रूची काळजी नसते. फक्त त्याच्या मापाचे बूट आणि हेल्मेट मिळतंय का ते आधी बघा. सैल बूट चालणार नाही.

स्की की स्नोबोर्ड?

पहिल्यांदा स्की. स्नोबोर्डवर पहिले दोन दिवस फक्त आपटायचं असतं.

गोंडोला म्हणजे काय, आणि तिचे टप्पे किती?

गोंडोला म्हणजे तारेवर टांगलेल्या बंद डब्यांची मालिका. गुलमर्गची गोंडोला जगातल्या सर्वांत उंच गोंडोलांमध्ये गणली जाते. टप्पे दोन. पहिला गुलमर्ग ते कोंगडोरी, सुमारे २,६५० वरून ३,१०० मीटरपर्यंत. दुसरा कोंगडोरीवरून अफरवटच्या खांद्यापर्यंत, ३,९०० मीटरच्या वर. यंत्रणा पोमागाल्स्की या फ्रेंच कंपनीची. काम ऐंशीच्या दशकात हाती घेतलं होतं, पण खोऱ्यातल्या अशांततेत ते अनेक वर्षं अडकून पडलं आणि पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा २००५ मध्ये. शिवाय कोंगडोरीपासून मेरीज शोल्डर नावाच्या धारेपर्यंत एक चेअरलिफ्टही आहे. मधल्या पातळीच्या स्कीअरला तिचा फार उपयोग होतो.

तिकिटं जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर काढायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसऱ्या टप्प्याची तिकिटं झटकन संपतात, म्हणून विमानाचं तिकीट निघालं की लगेच यांच्या मागे लागा. 'साहेब, तिकीट संपलंय, पण मी सोय करतो' म्हणणारा माणूस हमखास भेटेल. त्याच्याशी बोलूच नका. आणि गोंडोलात बसायला गाईडची गरज नसते, कुणी कितीही सांगो.

दुसरा टप्पा बंद असतो असं बरेच जण सांगतात. असं का?

वारा, वीज आणि हिमस्खलनाचा धोका, ही तीन कारणं. कोंगडोरीला ऊन असतं तेव्हाही वर धारेवर वारा घोंघावत असू शकतो. मोठा बर्फ पडून गेल्यानंतर तर वरचा टप्पा उघडायच्या आधी उतार तपासावे लागतात, धोक्याचा बर्फ मुद्दाम खाली पाडावा लागतो. यात अर्धा दिवस जातो, कधी दोन दिवस. खिडकीवर जाऊन कर्मचाऱ्यांवर खेकसणारे पर्यटक मी पाहिले आहेत. त्यांना काय वाटतं, वारा त्या माणसाच्या खिशात आहे?

२०१७ मध्ये गोंडोलाचा अपघात झाला होता ना?

हो. २५ जून २०१७ ला जोरदार वाऱ्यात एक झाड उन्मळून तारेवर पडलं, हेलकाव्याने एका डब्यातले लोक खाली फेकले गेले आणि सात जण गेले. त्यांत एका पर्यटक कुटुंबातले चौघे होते आणि तीन स्थानिक. वाऱ्यामुळे गोंडोला थांबली तर चरफडण्याआधी हे आठवावं.

अफरवटवरून स्की करत खाली येता येतं का?

येतं, आणि याचसाठी गुलमर्ग जगभर ओळखलं जातं. कोरडा, पिठासारखा भुसभुशीत बर्फ, हजार मीटरहून जास्त उतरण, आणि एवढ्या उंचीवर थेट नेऊन सोडणारी गोंडोला : हा योग फार थोड्या ठिकाणी जुळतो. पण आल्प्ससारखे खांब रोवून, यंत्राने दाबून, रोज रात्री नीटनेटके केलेले उतार वर फारसे नाहीत. बहुतेक डोंगर उघडा आहे. गोंडोलाच्या जवळचा पट्टा गस्तीखाली असतो. त्याच्या पलीकडे पाऊल टाकलंत की तुमची जबाबदारी तुमच्यावर.

हिमस्खलनाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'आम्ही चौघे आहोत, गाईड आहे, काय होणार' असं म्हणणारे बरेच भेटतात. सपाट जागेवर बर्फ घसरत नाही. अगदी उभ्या कड्यावर तो साठतच नाही. सर्वाधिक स्खलनं होतात ती साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, म्हणजे नेमक्या त्याच उतारावर जिथे स्की करायला सर्वांत मजा येते. नव्या बर्फाचा जाड थर जुन्या, टणक किंवा साखरेसारख्या दाणेदार थरावर नीट चिकटत नाही. त्यावर एका माणसाचं वजन पडलं की काच तडकावी तशी भेग धावत जाते आणि अख्खी लादी सुटते. म्हणून बर्फ पडत असताना आणि पडून गेल्यावरचा पहिला दिवस सर्वांत वाईट. आणि नेमकं त्याच दिवशी सगळ्यांना वर जायची घाई असते.

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. श्रीनगरहून मदत येईपर्यंत ही वेळ केव्हाच संपलेली असते. वाचवणारे म्हणजे तुमच्याच बरोबरचे लोक. म्हणून प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात : सिग्नल देणारा-पकडणारा ट्रान्सीव्हर, जोडकाठीसारखा लांब प्रोब आणि घडीचं फावडं. आणि ती वापरायचा सराव हवा. नुसती पिशवीत असून भागत नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीअर गेले, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन. फेब्रुवारी २०१० मध्ये लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गला हिमस्खलनात गेले. त्यांचं तर रोजचं कामच बर्फातलं होतं.

वर चक्कर, डोकेदुखी होते का?

काहींना होते. समुद्रसपाटीवरून विमानाने श्रीनगर, दुसऱ्या दिवशी गाडीने गुलमर्ग, तिसऱ्या तासाला गोंडोलाने जवळजवळ चार हजार मीटर, म्हणजे शरीराला श्वास घ्यायलाही उसंत नाही. वरच्या स्थानकावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६२ टक्के असतो. धावू नका, बर्फात उड्या मारून रील काढू नका, पाणी पीत राहा. डोकं दुखायला लागलं तर खाली या. खाली येण्यासारखं औषध नाही. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावं.

कपडे काय न्यायचे? तंगमर्गला भाड्याने मिळतात म्हणे.

मिळतात. लांब कोट आणि गमबूट. गाडी थांबली रे थांबली की दुकानदार दार उघडून 'वर याशिवाय जाऊच देत नाहीत' असं सांगेल. तसा काही नियम नाही. दोन तास बर्फात खेळायचं असेल तर गमबूट घ्या, तुमचे कापडी बूट भिजतील. स्की शिकायची असेल तर मात्र तो गुडघ्यापर्यंतचा कोट निरुपयोगी आहे.

थर महत्त्वाचे. अंगाला घट्ट, घाम शोषून न ठेवणारा आतला कपडा, वर लोकरीचा किंवा फ्लीसचा, आणि सगळ्यांत बाहेर पाणी न शिरणारा. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. सुती कपडा ओला झाला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. हातमोज्यांचे दोन जोड. गॉगल आणि सनस्क्रीन तर हवंच : उंचीबरोबर अतिनील किरणं वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. नाकाच्या खालची बाजू आणि हनुवटीखाली लावायला लोक विसरतात, आणि संध्याकाळी तिथेच सोललेलं असतं.

स्लेज आणि घोड्यांचं काय करावं?

स्लेज म्हणजे लाकडी घसरगाडी. वर चढताना एक माणूस दोरीने ओढतो, उतरताना तोच पुढे बसून पायाने ब्रेक लावतो. धडधाकट माणसाने दुसऱ्याकडून चढावर ओढून घ्यावं हे मला स्वतःला जड जातं, म्हणून मी चढ चालत जातो आणि फक्त उतरायला बसतो. पैसे पूर्ण देतो. हिवाळ्यात कित्येक घरांची चूल यावर चालते. तुमचं तुम्ही ठरवा. भाव मात्र बसण्याआधी, पूर्ण फेरीचा, माणशी की स्लेजमागे हे स्पष्ट करून ठरवा. घोड्यांच्या दरांचा अधिकृत फलक असतो, तो आधी वाचा.

श्रीनगरहून एका दिवसात होऊन जातं ना?

याच प्रश्नासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. होतं. सकाळी आठला निघायचं, तंगमर्गला कोट-बुटांची घासाघीस, साडेअकराला वर, गोंडोलाच्या रांगेत दोन तास, वरच्या स्थानकावर वीस मिनिटं, तोवर ढग आलेले, मॅगी, आणि चार वाजता ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. परत आलेले लोक म्हणतात, 'गर्दी फार, सगळे लुटतात.' त्यांनी पाहिलेलं गुलमर्ग अकरा ते चारचं होतं.

चारनंतर गाड्या उतरतात आणि परात रिकामी होते. संध्याकाळी अफरवट आधी पिवळा, मग गुलाबी होतो. सकाळी साडेसात-आठला आकाश बहुधा स्वच्छ असतं आणि उत्तरेला दूरवर नंगा पर्वत दिसतो, ८,१२६ मीटर उंच, एकटाच. दुपारच्या पर्यटकाला तो क्वचितच दिसतो. किमान दोन रात्री राहा, म्हणजे गोंडोला एक दिवस बंद राहिली तरी दुसरा दिवस हाताशी असतो. राहण्याची ठिकाणं तंगमर्गपेक्षा वर महाग आहेत हे खरं. दाल सरोवरातली एक रात्र कमी करा.

उन्हाळ्यात तिथे काय असतं? बर्फ नसेल तर मजा काय?

नावच बघा ना. जुनं नाव गौरीमर्ग. सोळाव्या शतकात सुलतान यूसुफ शाह चक याने गुलमर्ग केलं असं सांगतात, म्हणजे फुलांचं कुरण. जहांगीर बादशहाने इथून एकवीस जातींची रानफुलं गोळा केल्याची नोंद आहे. बर्फासाठी येणं ही अगदी अलीकडची गोष्ट. इंग्रजांनी १९२७ मध्ये इथे स्की क्लब काढला, तोवर गुलमर्ग हे उन्हाळ्याचंच ठिकाण होतं.

मे महिन्यात बर्फ मागे सरकतो तशी त्याच्या कडेने फुलं उगवतात. जून ते सप्टेंबर चालण्याचे दिवस. सर्वांत सोपी वाट म्हणजे आउटर वॉक : परातीच्या कडेने रानातून फिरणारी, जवळजवळ सपाट, सुमारे ११ किलोमीटर. एका बाजूला खोरं आणि वुलर सरोवराची चमक दिसत राहते. आजी-आजोबांनाही यातला तुकडा जमेल. त्याहून चढाची वाट खिलनमर्गची. कुरण संपलं की तास-दीड तास रानातून चढायचं. घोडे तिथवर जातात, पण चालत गेलात तर बरं, वाट लहान आहे.

आणि एक दिवस मोकळा असेल तर अल्पथर. अफरवटच्या पायाशी असलेलं त्रिकोणी तळं, जूनपर्यंत गोठलेलं, जुलैतही त्यात बर्फाचे तुकडे तरंगत असतात. गुलमर्गहून एका बाजूने सुमारे १३ किलोमीटर पडतं. बरेच जण गोंडोलाने वर जाऊन तिथून पुढे चालतात. अंतर कमी होतं, पण दगडगोट्यांतून चालायचं असतं आणि उंची अंगावर येते. सकाळी लवकर निघा. दुपारी गडगडाट सुरू होतो आणि उघड्या धारेवर विजेपासून लपायला जागा नाही. वरचा भाग नियंत्रण रेषेच्या जवळ आहे. जवान जिथे थांबवतील तिथून गुपचूप मागे फिरायचं.

वाटेत धाब्याची, माती-लाकडाची बसकी घरं दिसतील. गुज्जर-बकरवाल कुटुंबं उन्हाळ्यात गुरं-मेंढ्या घेऊन इथे राहायला येतात आणि शरदात उतरतात. हिवाळ्यात तीच घरं बर्फाखाली इतकी गाडली जातात की स्कीअर त्यांच्या छपरांवरून जातात. कुणी चहाला बोलावलं तर मीठ घातलेला गुलाबी चहा मिळेल, नून चाय. पहिला घोट विचित्र लागतो.

गोल्फ वगैरे सामान्य माणसाला खेळता येतो का?

येतो, शुल्क भरून. १८ होलचं मैदान आहे, क्लब १९११ चा. हवा विरळ असल्याने चेंडू लांब जातो, त्यामुळे नवशिकाही खूश होतो. मासेमारीची आवड असेल तर तंगमर्गजवळच्या फिरोजपूर नाल्यात ट्राउट आहेत. त्यासाठी मत्स्य विभागाचा परवाना आधी काढावा लागतो.

जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस नडतो का?

कोकणासारखा नाही. पीर पंजाल बराचसा मान्सून अडवतो. दुपारी सर येते, तासाभरात उघडते.

ऑक्टोबर?

माझा आवडता महिना. गवत सोनेरी, हवा काचेसारखी, खाली तंगमर्गच्या बागांत सफरचंदाच्या पेट्या भरण्याची धांदल. बर्फ नाही, फुलं नाहीत, म्हणून टूरवाले हा महिना फारसा विकत नाहीत.

रानात प्राणी असतात का?

गुलमर्गच्या भोवती अभयारण्य आहे. कस्तुरीमृग, अस्वल, बिबट्या तिथले रहिवासी. दिसण्याची शक्यता कमी, पण पहाटे एकट्याने रानात शिरू नका आणि हॉटेलबाहेर अन्न टाकू नका. अस्वलाला वासाने पत्ता कळतो.

जुन्या वास्तू पाहण्यासारख्या आहेत का?

परातीतच टेकाडावर १९०२ चं सेंट मेरीज चर्च आहे, राखाडी दगडाचं, बर्फात फार देखणं दिसतं. दुसऱ्या टेकाडावर डोग्रा राजघराण्याने १९१५ मध्ये बांधलेलं शिवमंदिर. जून २०२४ मध्ये आगीत त्याचा लाकडी भाग जळाला. उतरताना बाबा रेशींचा दर्गा आणि तंगमर्गजवळचा द्रंगचा धबधबा पाहता येतो. कडक थंडीत तो पडता पडता गोठतो.

इथून कुणी मोठा खेळाडू झालाय का?

तंगमर्ग भागातला आरिफ खान. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकटाच खेळाडू होता. स्लॅलम आणि जायंट स्लॅलम अशा, खांबांमधून वळत खाली यायच्या दोन शर्यतींत उतरला आणि जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. त्याआधी १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकला गुलमर्गचेच गुल मुस्तफा देव गेले होते. तुमचा शिक्षक यांतल्या एखाद्याचा नातेवाईक असल्याचं सांगेल. कधी कधी ते खरंही असतं.

जायचं कसं?

मुंबईहून श्रीनगरला थेट विमानं आहेत. रेल्वेने यायचं तर जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते. वाटेत चिनाबवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल लागतो, खिडकीची जागा मिळवा. श्रीनगरहून टॅक्सी. बर्फाच्या दिवसांत तंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्याच सोडतात. तुमची गाडी तिथेच राहील आणि स्थानिक गाडी करावी लागेल, हा खर्च आधीच धरा. परतीचं विमान असेल तर आदल्या रात्री श्रीनगरला उतरा. एका रात्रीच्या बर्फाने घाट बंद होतो.

मोबाइल चालतो का?

बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड कार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. पोस्टपेड चालतं. आणि थंडीत बॅटरी बघता बघता उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा.

विमा काढावा का?

काढा, पण नियमावली वाचून. साध्या प्रवास विम्यात स्कीसारखे साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. तो मुद्दा लेखी स्वरूपात मागून घ्या.

आणि गेलो, पण बर्फच नसेल तर?

आधी कोंगडोरीला जा. खाली गवत असलं तरी वर बर्फ असतो. शिकण्यापुरता पट्टा तिथे बहुतेक वेळा मिळतो. तिथेही नसेल तर आउटर वॉक करा, द्रंगला जा, आणि संध्याकाळी हॉटेलातल्या म्हाताऱ्या कामगाराला विचारा, 'चाचा, शीन कधी पडेल?' शीन म्हणजे बर्फ. तो खिडकीतून अफरवटकडे बघेल, फेरनच्या, म्हणजे लांब ढगळ झग्याच्या, आत कांगडी (निखाऱ्यांची टोपली) नीट करेल आणि काहीतरी सांगेल. एकदा मला सांगितलं होतं, 'परवा.' आम्ही उद्याच निघणार होतो. श्रीनगरच्या विमानतळावर बसलो असताना हॉटेलवाल्याने फोटो पाठवला : आमच्या खोलीची पायरी बर्फात बुडालेली.